बर्फापासून किती लांब?

अलास्काच्या आग्नेय भागात ग्लेशियर बे हा उपसागर आहे, आता तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. 1794 साली ब्रिटिश कप्तान जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतले जोसेफ व्हिड्बी उघड्या होड्यांतून इथला किनारा मोजत गेले, तेव्हा उपसागर म्हणावा असं तिथे काही नव्हतंच. जेमतेम 8 किलोमीटरची एक खाच होती आणि तिच्या मागे बर्फाचा कडा उभा होता. 1879 च्या ऑक्टोबरात निसर्गअभ्यासक जॉन म्यूर इथल्या मूळ रहिवासी त्लिंगित लोकांपैकी वाटाड्यांबरोबर ओंडका कोरून केलेल्या होडीतून आत शिरले, तोवर बर्फ 60 किलोमीटरहून जास्त मागे हटला होता. आज तोंडापासून ग्रँड पॅसिफिक हिमनदीपर्यंत सुमारे 105 किलोमीटर पाणी आहे. व्हिड्बींच्याही आधी हाच बर्फ पुढे सरकत आला होता आणि त्याने हुना त्लिंगित लोकांना त्यांच्या गावांतून उठवलं होतं. ते या पाण्याला आजही आपलं घर मानतात. 2016 पासून उपसागराच्या तोंडाजवळच्या बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर त्यांचं सामूहिक घर पुन्हा उभं आहे.

यातले सगळे जण बर्फापाशी गेले ते छोट्या होडीतून. आता मोठी प्रवासी जहाजं मार्जरी हिमनदीसमोर येऊन थांबतात, लोक कठड्याशी उभे राहून फोटो काढतात, जहाज वळून परत जातं. तो अनुभव कमी दर्जाचा आहे असं मी म्हणणार नाही. पण कायाकमध्ये, म्हणजे वरून झाकलेल्या अरुंद, वल्ह्याच्या होडीत, पाण्याच्या पातळीवर बसून स्वतःच्या हाताने वल्हवत बर्फात शिरणं ही गोष्ट निराळी आहे, आणि ती मला अतिशय मोलाची वाटते. तिथे जे काही शिकायचं असतं ते फिरून फिरून अंतराशी येतं. कड्यापासून किती लांब, किनाऱ्यापासून किती, सोबतच्या होडीपासून किती, भरतीच्या रेषेपासून तंबू किती वर. आणि यातलं एकही अंतर नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर ठरवता येत नाही.

डोळा फसतो त्याची कारणं साधी आहेत. हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, त्यामुळे दूरची वस्तू धूसर होत नाही. झाडं, घरं, माणसं नसतात, त्यामुळे उंचीचा अंदाज कशाशी ताडून पाहावा ते कळत नाही. मार्जरीचा कडा पाण्यावर सुमारे 75 मीटर उंच आणि दीड किलोमीटर रुंद आहे. समोर पाहताना तो 20 मीटरचा वाटतो, आणि 20 मीटरचा वाटला की माणूस आपण अजून बरेच लांब आहोत असं समजून पुढे सरकतो. म्हणून मोजायची सवय लावावी. हात पूर्ण ताणून तीन बोटं आडवी धरा. कडा पायथ्यापासून माथ्यापर्यंत तीन बोटांत झाकला गेला, तर तुम्ही त्याच्या उंचीच्या साधारण दहापट लांब आहात. 75 मीटरच्या कड्याला हे अंतर पाऊण किलोमीटरच्या आसपास येतं. कडा झाकायला पूर्ण मूठ लागत असेल तर अंतर निम्मं झालंय आणि तुम्ही नको तितके आत आला आहात. दुसरी पद्धत कानाची. बर्फ कोसळताना दिसला की मोजायला लागा. आवाज एक किलोमीटर यायला 3 सेकंद घेतो. अडीच सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वळा. कायाकसाठी 800 मीटर ही मी किमान मर्यादा मानतो, आणि पाणी बर्फाच्या चुऱ्याने भरलेलं असेल तर तीही अपुरी, कारण पळायला मोकळं पाणी नसतं.

कड्याचा धोका म्हटला की वरून कोसळणारा बर्फ डोळ्यासमोर येतो. तो निदान दिसतो. पाण्याखालून सुटणारा बर्फ दिसत नाही. कड्याचा पाण्याखालचा भाग काही ठिकाणी पायरीसारखा पुढे आलेला असतो. वरचा भाग कोसळून गेला की ती पायरी ओझ्यावाचून राहते, आणि बर्फ पाण्याहून हलका असल्याने तिचा तुकडा मोडून उसळी मारून वर येतो, कधी कड्यापासून बराच पुढे. वर सगळं शांत असताना हे होतं. पाण्याखाली नेमकं काय चालतं ते अलास्कातल्याच लेकॉन्ट हिमनदीपुढे मोजलं गेलं. पाण्यात ध्वनी सोडून मोजणाऱ्या सोनार यंत्राच्या मोजण्यांवरून 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पाण्याखालचं वितळणं आधीच्या गणितांपेक्षा कितीतरी जास्त वेगाने होतं, काही जागी शंभरपटीपर्यंत. कड्याच्या अगदी पुढ्यातलं पाणी मोजायला त्यांनी कायाकच वापरल्या, पण दूरनियंत्रणावर चालणाऱ्या, माणूस नसलेल्या. ज्यांना या बर्फाबद्दल सगळ्यात जास्त ठाऊक आहे त्यांनी तिथे माणूस बसवला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बर्फ कोसळल्यावर लाट येते. खोल, मोकळ्या पाण्यात ती बहुधा फुटत नाही, लांबट फुगवट्यासारखी येते. होडीचं तोंड तिच्याकडे करायचं, वल्हं पाण्यात ठेवायचं, हळू वल्हवत राहायचं. होडी वर चढते, खाली उतरते. थांबून वल्हं मांडीवर ठेवणारा माणूस उलटतो, कारण पाण्याला टेकलेलं वल्हं हाच त्याचा आधार असतो. मात्र एका लाटेवर काम संपत नाही. फ्योर्डच्या, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या अरुंद खाडीच्या, उभ्या भिंतींवर आपटून ती परत येते, दुसऱ्या बाजूने, आणि परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळून पाणी वेडंवाकडं उसळतं. खरी हानी उथळ पाण्यात आणि किनाऱ्यावर होते. तिथे लाट उभी राहते आणि फुटते, सोबत डोक्याएवढे, पेटीएवढे बर्फाचे तुकडे घेऊन. कड्यासमोरच्या किनाऱ्यावर जेवायला उतरलेल्यांच्या होड्या अशा जातात. पाणी स्थिर आहे, दहा मिनिटांचं तर काम आहे, असं म्हणून कायाक काठावर टेकवून ठेवली जाते आणि ती पाहता पाहता पाण्यात ओढली जाते. हिमनदी दिसते अशा कोणत्याही किनाऱ्यावर होडी भरतीच्या रेषेच्या वर ओढायची आणि दगडाला बांधायची, उतरण्याचं कारण कितीही क्षुल्लक असो.

आता तरंगत्या बर्फाकडे. नावाड्यांच्या वर्गवारीत पाण्यावर 1 मीटरपेक्षा कमी दिसणाऱ्या तुकड्याला ग्राउलर म्हणतात, 1 ते 5 मीटरच्या तुकड्याला बर्गी बिट, आणि त्याहून मोठा तो हिमनग. हिमनदीच्या बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे 0.9 पट, त्यामुळे दहातले जवळजवळ नऊ भाग पाण्याखाली असतात. हे आकडे शाळेतच पाठ झालेले असतात. कायाकवाल्याला यापुढचं कळायला हवं: तो खालचा भाग सतत आकार बदलत असतो. पाण्याच्या रेषेपाशी बर्फ सगळ्यात वेगाने झिजतो, तिथे खाच पडते, वर छज्जा उरतो. छज्जा तुटला किंवा खालचा एखादा भाग सुटला की तोल बदलतो आणि नग कुशीवर वळतो. वळताना त्याची पाण्याखालची बाजू तुमच्या होडीखालून वर येऊ शकते. म्हणून नगाच्या उंचीच्या किंवा लांबीच्या, जे मोठं असेल त्याच्या, तीन-चारपट अंतर राखावं. कमानीखालून जाऊन फोटो काढण्याचा मोह फार लोकांना होतो. कमान म्हणजे कोसळण्याच्या बेतातला बर्फ, एवढंच तिच्याबद्दल सांगता येईल.

नग नुकताच वळलाय का, हे त्याच्याकडे पाहून कळतं. उन्हात राहिलेला पृष्ठभाग पांढरा, खरखरीत, भुसभुशीत असतो. पाण्यातून नुकताच वर आलेला गुळगुळीत, ओला, गडद निळा असतो. दाट बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो आणि निळा तेवढा आपल्यापर्यंत येतो, म्हणून तो रंग. पाण्याच्या जुन्या रेषा नगावर तिरप्या दिसत असतील तर तोही वळल्याचा पुरावा, आणि एकदा वळलेला नग स्थिर झालाच असं नसतं. सगळ्यात घातक तुकडा मात्र लहान, पारदर्शक, काळसर दिसणारा. त्यात हवेचे बुडबुडे फारसे नसतात, तो पाण्यासारखाच दिसतो आणि दगडासारखा लागतो. बाकीचा बर्फ सतत तडतडत असतो, कारण शतकांपूर्वी दाबाखाली कोंडलेली हवा वितळताना फुटून बाहेर येते. चुऱ्यात शिरलं की चारी बाजूंनी हा आवाज येतो. मला पृथ्वीवरचा याहून सुंदर आवाज ठाऊक नाही.

चुऱ्यातून वल्हवण्याची रीत शिकावी लागते. रुंद, आडवे फटके इथे चालत नाहीत, पातं बर्फावर आपटतं आणि काठ उडतात. वल्हं उभं धरून होडीलगत आखूड फटके मारायचे. तुकडा बाजूला सारायचा तर पात्याच्या टोकाने हळू ढकलायचा. वल्ह्याचा पहारीसारखा वापर केला की दांडा जोडापाशी मोडतो. सुकाणू वर उचलून ठेवायचं, नाहीतर त्याच्या फटीत तुकडे अडकतात आणि तारेवर ताण येतो. स्केग (होडीच्या तळातून खाली येणारं पातं) असेल तर तोही आत घ्यायचा. वेग मारून बर्फावर धडक द्यायची नाही, कारण पाण्याखालच्या सपाट तुकड्यावर होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, चढते, मागचा भाग पाण्यात राहतो, आणि होडी जागच्या जागी कुशीवर पडते. दोन होड्यांत एका होडीएवढं अंतर ठेवायचं. कमी असेल तर पुढचा थांबल्यावर मागचा आदळतो. जास्त असेल तर मधली वाट मिटते आणि गटाचे दोन भाग होतात.

वाट मिटण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण बर्फात अडकणाऱ्यांची मूळ चूक बहुतेक वेळा इथेच असते. कायाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम 80 सेंटिमीटर वर असतात. तिथून क्षितिज साधारण 3 किलोमीटरवर येतं, आणि बर्फ असेल तर समोरचा मीटरभर उंच तुकडाही मागचं सगळं झाकतो. दोन तुकड्यांमधली वाट पुढे मोकळी होते की बंद, हे खालून कळतच नाही. त्यामुळे बर्फाच्या पट्ट्यात शिरण्याआधी किनाऱ्यावर उतरून एखाद्या उंचवट्यावर चढावं. 10 मीटर वर गेलं की 11 किलोमीटरपर्यंतचं पाणी दिसतं आणि मोकळ्या वाटा स्पष्ट दिसतात. तिथे उभं राहून फक्त वाटा पाहू नयेत, बर्फ कुठे चाललाय तेही पंधरा-वीस मिनिटं पाहावं.

तो दोन धन्यांच्या हुकमाने चालतो. मोठ्या नगांचा खालचा भाग खोल असतो, ते प्रवाहाबरोबर जातात. चुरा वरवर तरंगतो, त्याला वारा नेतो. प्रवाह एका दिशेने आणि वारा दुसऱ्या दिशेने असेल तर नग चुऱ्यातून वाट कापत येताना दिसतात, आणि अशा वेळी मध्ये असू नये. ओहोटीला बर्फ खाडीतून बाहेर निघतो आणि अरुंद जागी तुंबतो. उन्हाच्या दिवशी दुपारनंतर हिमनदीवरची गार, जड हवा उतारावरून खाली वाहायला लागते. हा वारा कधी हलका असतो, कधी वल्हवणं अशक्य करतो. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी पांढऱ्या लाटांचं होतं ते यामुळेच. आत जायचं असेल तर पहाटे निघावं आणि दुपार व्हायच्या आत परत मोकळ्या पाण्यात यावं. एवढं करूनही अडकलात तर धडपडून बाहेर पडण्याच्या नादात हात आणि वल्हं दोन्ही थकतात. होड्या एकमेकींना लावून एकत्र धरा, मोठ्या नगांपासून दूर राहा, गरम काहीतरी प्या, वेळापत्रकात भरती-ओहोटीच्या पालटाची वेळ पाहा. पालटाच्या सुमारास दाबलेला बर्फ बहुधा सैल होतो.

गार पाणी म्हणजे किती गार? हिमनदीजवळ उन्हाळ्यातही पाण्याचं तापमान 5 अंशांच्या आत-बाहेर असतं. कॅनडातले डॉ. गॉर्डन गीसब्रेख्त यांनी गार पाण्यात पडलेल्या माणसासाठी 1-10-1 अशी आठवण घालून दिली आहे. पहिला 1 मिनिट श्वासाचा: शरीर धक्क्याने हासडा मारून श्वास घेतं, त्या क्षणी तोंड पाण्यात असेल तर पाणी आत जातं. लाइफ जॅकेट अंगात हवं ते या मिनिटासाठी. पुढची 10 मिनिटं हातापायांची: या वेळात बोटं काम करतात, होडीत परत चढायचं ते याच वेळात. मग पकड जाते, दोरी धरता येत नाही, चेन ओढता येत नाही. आणि 1 तास, साधारण, बेशुद्ध होईपर्यंतचा. हिमदंश नाहीतर हायपोथर्मिया (शरीर आतून गार पडणं) हाच शत्रू, असं समजणाऱ्यांना हा क्रम उलटा वाटतो. गार पाण्यातली पुष्कळ माणसं शरीराचं तापमान खाली जाण्याच्या फार आधी बुडतात.

म्हणून ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा अंगभर पोशाख, आणि त्याच्या आत लोकरीचे किंवा फ्लीसचे थर. सुती काही नाही. ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही, आतले कपडे कोरडे ठेवतो. त्याच्या गळ्याची आणि मनगटांची लेटेक्सची गॅस्केटं, म्हणजे पाणी रोखणाऱ्या घट्ट पट्ट्या, नाजूक असतात. सनस्क्रीनच्या तेलाने आणि उन्हाने ती विरतात आणि नेमकी घालताना फाटतात. एक जादा गॅस्केट आणि चिकटवण्याचं सामान जवळ असावं. चेन शेवटच्या दातापर्यंत बंद झालीय का, हे दुसऱ्या माणसाने पाहायचं. मग गुडघ्यावर बसून गळ्याचं गॅस्केट बोटाने जरा उघडून आतली हवा बाहेर काढायची, नाहीतर पाण्यात पडल्यावर ती पायांकडे जाते आणि पाय वर येतात. हातांसाठी मोज्यांपेक्षा वल्ह्याच्या दांड्यावर बसणारे निओप्रीनचे पोगी मला बरे वाटतात, बोटं दांड्याला थेट लागतात आणि वाराही लागत नाही.

उलटलेल्या माणसाला परत होडीत घेणं दहा मिनिटांत बसायला हवं, आणि सराव असेल तर ते तीन मिनिटांत होतं. पाण्यातला माणूस स्प्रेस्कर्टचा (कमरेभोवती बसून कॉकपिटचं, म्हणजे बसायच्या जागेचं, तोंड झाकणाऱ्या कापडाचा) पुढचा पट्टा ओढून बाहेर येतो आणि होडी सोडत नाही. मदतीची होडी उलटलेल्या होडीच्या नाळेपाशी काटकोनात येते. मदत करणारा नाळ उचलून आपल्या डेकवर घेतो, होडी पालथीच असते, पाणी निथळतं. मग ती सुलटी करून पाण्यात सोडायची आणि दोन्ही होड्या समांतर लावायच्या, एकीचं तोंड दुसरीच्या शेपटीकडे. मदत करणारा आपल्या अंगाचं वजन टाकून रिकामी होडी कॉकपिटपाशी घट्ट धरतो. पाण्यातला माणूस पाय झाडत मागच्या डेकवर पोटावर चढतो, पाय कॉकपिटमध्ये सरकवतो, अंग मदत करणाऱ्याच्या बाजूने वळवून बसतो. उरलेलं पाणी पंपाने काढायचं, स्कर्ट लावायचा. या सगळ्यात चूक होते ती बहुधा घाईने: पाणी न निथळताच होडी सुलटी केली जाते, आणि पाण्याने भरलेली कायाक स्थिर धरणं फार कठीण असतं. आसपास बर्फ तरंगत असेल तर तिसऱ्या होडीने दोरी लावून दोघांना मोकळ्या पाण्याकडे ओढत राहायचं.

बाहेर काढलेल्या माणसाला चोळू नये, उभं करू नये, चालवू नये. बराच वेळ पाण्यात राहिलेला माणूस बाहेर काढताच कोसळू शकतो, कारण पाण्याचा दाब जातो आणि रक्तदाब एकदम खाली येतो. आडवं ठेवावं, ओले कपडे कापून काढावे लागले तरी काढावेत, छाती आणि काखा आधी गरम कराव्यात. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय.

होडीच्या निवडीवर मी फार लिहिणार नाही. पॉलिइथिलीनची कायाक जड असते पण बर्फाचे ओरखडे सोसते. फायबरग्लासची हलकी आणि वेगवान, तिचं जेलकोट, म्हणजे वरचा कडक लेप, तडकतं, पण दुरुस्तही होते. नवख्यांना दोन माणसांची होडी बरी, ती स्थिर असते. हॅच (सामानाचे झाकणबंद कप्पे) आणि आतले पडदे पाणी रोखतात की नाही हे निघण्याआधी तपासायचं. भोक पडलंच तर साधी चिकटपट्टी ओल्या गार पृष्ठभागावर टिकत नाही. ब्यूटाइलची जाड पट्टी आणि पाण्यात घट्ट होणारी इपॉक्सीची लांबी, या दोन वस्तू दुरुस्तीच्या पिशवीत असल्याच पाहिजेत. जादा वल्हं डेकवर, हाताला येईल असं. व्हीएचएफ रेडिओ (मदत मागायचा छोटा बिनतारी संच) अंगावरच्या जॅकेटमध्ये, हॅचमध्ये ठेवलेला रेडिओ पाण्यात पडलेल्याच्या उपयोगाचा नसतो.

रात्रीचा मुक्काम हे पुन्हा अंतराचंच गणित. ग्लेशियर बेमध्ये भरती-ओहोटीतला फरक उधाणाला 7 मीटरच्या वर जातो. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासाला एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन भाग, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. 7 मीटरच्या भरतीला मधल्या तासांत पाणी तासाला पावणेदोन मीटर चढतं. किनारा विसात एक अशा उताराचा असेल तर काठ तासाभरात 35 मीटर आत येतो. संध्याकाळी शंभर पावलांवर असलेलं पाणी मध्यरात्री तंबूत शिरतं ते यामुळे. वेळापत्रकात रात्रीची भरती संध्याकाळच्या शेवाळाच्या रेषेपेक्षा उंच आहे का ते पाहायचं, आणि उधाण वाढत असेल तर उद्याची आजच्याहून वर येईल हे धरून चालायचं.

अस्वलांमुळे या गणिताला आणखी एक बाजू येते. इथे काळी आणि तपकिरी दोन्ही अस्वलं आहेत. उद्यानाचा नियम असा की स्वयंपाक आणि जेवण भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच, तंबूपासून निदान 100 यार्ड म्हणजे सुमारे 90 मीटर लांब, म्हणजे सांडलेलं पुढच्या भरतीला धुऊन जातं. अन्न, टूथपेस्ट, वास येणारं सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात. हे डबे बार्टलेट कोव्हच्या केंद्रात उसने मिळतात. मे ते सप्टेंबर मुक्कामाला जाणाऱ्यांना तिथे माहितीच्या सत्राला बसावं लागतं आणि विनामूल्य परवाना घ्यावा लागतो. ते सत्र कंटाळून ऐकू नये, आदल्या आठवड्यात अस्वलं कुठे दिसली हे तिथेच कळतं.

बर्फावर सील असतात, आणि त्यांच्यापासूनचं अंतर आपल्या सोयीने ठरत नाही. हार्बर सील तरंगत्या बर्फावर पिल्लं घालतात, कारण तिथे ओर्का (शिकारी देवमासे) सहज पोचत नाहीत. म्हणून ग्लेशियर बेच्या जॉन्स हॉपकिन्स इनलेट या फाट्याचा आतला भाग 1 मे ते 30 जून होड्यांना बंद असतो, आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत बर्फावरच्या सीलपासून पाव मैल राहायचं असतं. कायाक गुपचूप येते म्हणून ती निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. इंजिनाचा आवाज सीलला लांबून कळतो. कायाक अचानक जवळ दिसते आणि सगळा कळप पाण्यात उडी मारतो. पिल्लू आईपासून तुटलं तर त्याचं दूध तुटलं. सीलने मान उचलून तुमच्याकडे पाहिलं, की तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. तिथूनच बाजूला वळा, त्याच्याकडे तोंड करून थांबू नका.

बर्फ गेल्यावर उरलेल्या डोंगरांचाही विचार करावा लागतो. हिमनदी दरीच्या दोन्ही उतारांना टेकू देऊन उभी असते. ती मागे गेली की उतार उघडे पडतात. 9 जुलै 1958 रोजी याच उद्यानातल्या लिटुया उपसागरात भूकंपाने कडा कोसळला आणि समोरच्या उतारावर पाणी 524 मीटर उंचीपर्यंत चढलं. त्या रात्री उपसागरात तीन छोट्या होड्या होत्या. एक दोन माणसांसह गेली, दोन होड्यांवरचे लोक वाचले. 2025 च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेकडच्या ट्रेसी आर्ममध्ये साउथ सॉयर हिमनदीजवळ डोंगर घसरला, आणि फ्योर्डच्या तोंडाशी हार्बर बेटावर तंबू ठोकलेल्या कायाकवाल्यांचं सामान पाण्याने नेलं. हिमनदीपासून इतक्या लांब. अशा घटनेचा अंदाज कुणी बांधू शकत नाही, पण मुक्काम कुठे करायचा हे आपल्या हातात असतं. ताजी दरड दिसणाऱ्या, झाडं न उगवलेल्या उताराच्या समोर झोपू नये. तंबू जितका वर नेता येईल तितका न्यावा, आणि वर चढायची पायवाट उजेडातच पाहून ठेवावी.

नकाशावरही पूर्ण विसंबता येत नाही. हिमनदी मागे गेल्याने नवीन पाणी तयार होतं, ज्याची खोली कुणी मोजलेली नसते. म्यूर हिमनदी 1990 च्या दशकात समुद्र सोडून जमिनीवर गेली. जुन्या नकाशात जिथे बर्फाचा कडा आहे तिथे आज गाळाचा किनारा आहे. शिवाय बर्फाचं ओझं उतरल्याने जमीन वर येतेय, वर्षाला सुमारे 3 सेंटिमीटर. बार्टलेट कोव्हहून बिअर्ड्सली बेटांकडे जाणारी अरुंद खाडी भरतीच्या आसपासच ओलांडता येते आणि एरवी कोरडी पडते. जुन्या नकाशातल्या खोलीवर भरवसा ठेवून तिथे गेलं तर चिखलात बसून पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते.

वरच्या भागात जायला बहुतेक लोक दिवसाच्या बोटीने कायाकसकट ठरलेल्या किनाऱ्यावर उतरतात आणि काही दिवसांनी तीच बोट परत घेते. परतीचा दिवस आखताना लादलेल्या कायाकचा वेग तासाला 5 किलोमीटर धरावा, वारा समोरून असेल तर 3, आणि दिवसाला 15 किलोमीटरच्या वर बेत करू नये. बोट ठरल्या वेळेला येते, थांबत नाही. आदल्या रात्रीचा मुक्काम त्या किनाऱ्यावरच करावा, म्हणजे सकाळी मध्ये बर्फ आला तरी ओलांडायचा प्रश्न येत नाही. सामान तासभर आधी बांधून काठापाशी आणावं, पण भरतीच्या वर. धुक्यामुळे किंवा बर्फामुळे बोट आली नाही तर तिथेच थांबावं, तिला शोधायला पाण्यात जाऊ नये. त्यासाठी दोन दिवसांचं जादा अन्न आणि स्टोव्हचं इंधन सुरुवातीलाच वेगळ्या पिशवीत बांधून ठेवलेलं असावं, आणि मधल्या कुठल्याही दिवशी त्या पिशवीला हात लावू नये.